बांगड्या अडवणारी मेहरुन्निसा

पिशोरच्या आसपासच्या पंधरा-वीस वाड्यावस्त्यांत मेहरुन्निसानं जिचा हात धरला नाही अशी बाई शोधून सापडली नसती. पिशोरच्या बाजारगल्लीत तिच्या नवऱ्याचं, मजीदचं, बांगड्यांचं दुकान होतं. पण गल्ल्यावर बसून माश्या मारणं हा मजीदचा स्वभाव, आणि डोक्यावर पेटी घेऊन रानोमाळ भटकणं हा हिचा. बाया तिला मन्यारीणबाई म्हणत, पोरीबाळी मेहरूमावशी म्हणत. तिची जीभ मात्र कुणालाच मावशीसारखी वाटली नाही. गोड बोलून माल खपवणं तिला जन्मात जमलं नाही. एखादीनं रंग बघून बघून सगळी पेटी विस्कटली, की ती सरळ झाकण लावायची आणि म्हणायची, तुझ्या हाताला शोभंल असा रंग अजून निघायचाय, निघाला की सांगते.

तिला माणसं चेहऱ्यानं कमी आणि हातानं जास्त लक्षात राहत. काचेची बांगडी लवत नाही, वाकत नाही. ती मापाचीच लागते. दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी ती चढती मापं. लग्नानंतर सासूनं, बिल्किसनं, तिला वर्षभर नुसते हात दाबायला शिकवलं होतं. अंगठा आत दुमडायचा, बोटांच्या मुळाशी हाडं एकत्र आणायची, बोलता बोलता बांगडी सरकवायची, बाईला कळायच्या आत ती मनगटात गेली पाहिजे. मेहरुन्निसा त्यात इतकी तरबेज झाली, की रस्त्यानं जाताना समोरून येणाऱ्या बाईला ती मनातल्या मनात मापानंच ओळखायची. ही आली दोन-चार, तिच्या मागनं तिची जाऊ, दोन-सहा.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली एका वस्तीवर तिनं रामकिसनच्या बायकोला, गोदावरीला, बांगड्या भरल्या. सातवा महिना, डोहाळजेवणाचा हिरवा चुडा. गोदावरी कायमची दोन-चारवाली. त्या दिवशी दोन-सहा चढेना, दोन-आठ कशीबशी अडखळत गेली, तीसुद्धा साबणाचं पाणी लावून. बाया हसल्या, पोरगी माहेरी चांगली पोसली म्हणाल्या. मेहरुन्निसाही हसली. नवव्या दिवशी गोदावरीला झटके आले आणि बैलगाडी डांबरी रस्त्याला लागायच्या आत ती पोटातल्या लेकरासकट गेली. भावकीनं बाहेरची बाधा म्हणून हात झटकले.

सरकारी उपकेंद्राच्या नर्स वच्छलाबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी भर बाजारात मेहरुन्निसाला धरलं. हात सुजला होता ते तुला कळलं नाही का, म्हणून चारचौघांत तिचा पाणउतारा केला. मेहरुन्निसानं खाली बघून उत्तर दिलं, "कळलं होतं, सिस्टर. त्याचा अर्थ मला म्हाईत नव्हता."

त्या एका उत्तरावर वच्छलाबाईंचा राग उतरला. त्या तिला उपकेंद्रात घेऊन गेल्या आणि समजावून सांगितलं. पाय तर सगळ्याच गरोदर बायांचे सुजतात. पण थोड्याच आठवड्यांत हात सुजला, बांगडी एकदम एखादं माप पुढं गेली, तर आत रक्तदाब चढलेला असू शकतो. वेळेवर दाखवलं तर दोन्ही जीव वाचतात. आपल्याला सगळ्या वस्त्यांवर महिन्याला जाणं होत नाही, तू मात्र जातेस, असंही त्या म्हणाल्या. मेहरुन्निसा ऐकत होती. गोदावरीचा तो हात तिच्या हातात अजून जसाच्या तसा होता, आणि तिला स्वतःची भयंकर चीड आली होती.

तेव्हापासून ती बांगड्या अडवायला लागली. सातव्या महिन्यात किंवा नवव्यात, घरी बाया जमलेल्या, ओटीचं सामान मांडलेलं, आणि मध्येच ही पेटीचं झाकण लावून सांगायची, "हात अजून तयार नाय. आधी सिस्टरला दाखवून आणा, मंग मी भरते." ह्या एका वाक्यात केवढी ताकद होती ते बाहेरच्याला कळायचं नाही. आपल्याकडची सासू डॉक्टरचं ऐकेल न ऐकेल, नवऱ्याचं तर नाहीच ऐकणार. पण दारात चाळीस बाया बसल्यात आणि सुनेचं मनगट रिकामं आहे, ह्या गोष्टीपुढं तिची बोलतीच बंद होते. चुड्याशिवाय ओटी भरता येत नाही. मग पळापळ व्हायची, कुणाची तरी मोटरसायकल निघायची, सून उपकेंद्रात पोचायची. कितीदा काहीच निघायचं नाही, आणि सासू परत येऊन मेहरुन्निसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. कितीदा निघायचं. तेव्हा कुणी आभार मानायला आलं असं मात्र झालं नाही. लोकांनी तिचं नाव 'आडवी मन्यारीण' पाडलं. तिनं त्याला कधी भीक घातली नाही.

अठरा वर्षं हे असं चाललं. दरम्यान वच्छलाबाई निवृत्त होऊन पिशोरलाच राहिल्या, आणि औरंगाबादेत दवाखान्यांचं रूप पार पालटलं. पूर्वी दवाखान्याला डॉक्टरचं नाव असायचं आणि डॉक्टर पडद्याआड बसायचा. आता दवाखान्याला बोधचिन्ह आलं, घोषवाक्य आलं, स्वतःचा एक रंग आला, आणि डॉक्टर हाताची घडी घालून फुलंब्रीच्या नाक्यावर फ्लेक्सवर उभा राहिला. त्यातलंच एक सुप्रसवा हॉस्पिटल. त्याचा रंग गुलाबी. भिंती गुलाबी, गाड्या गुलाबी, नर्सांच्या टोप्या गुलाबी. आणि त्याचा ब्रँड मॅनेजर होता बद्रीनाथ, सिल्लोडकडच्या एका कपाशीवाल्याचा मुलगा, पुण्यात एमबीए करून आलेला, तिशीतला, चेहऱ्यावर सतत काहीतरी सुचल्याचा भाव.

पिशोरला सुप्रसवाचं शिबिर भरलं होतं, तिथं वच्छलाबाईंनी त्याला सहज बांगड्या अडवण्याची गोष्ट सांगितली. पोरगा उडालाच. दोन दिवस तो मेहरुन्निसाच्या मागं मागं वस्त्यांवर हिंडला. प्रत्येक शब्द लॅपटॉपवर टिपून घेतला. ह्याला म्हणतात कम्युनिकेशन मॉडेल, म्हणाला. अमेरिकेत लोक ह्यासाठी वर्षानुवर्षं डोकं खाजवतात आणि इथं एका मन्यारणीनं ते करून दाखवलं. जिल्हाभरच्या मन्यारणींना आपण 'चुडाताई' करू, गुलाबी पेटी देऊ, बांगड्या फुकट देऊ, बांगडीवर हॉस्पिटलचा फोन नंबर छापू. मेहरुन्निसाला ह्यातलं निम्मं कळलं नाही. पण पोरगा घरात येऊन जमिनीवर मांडी घालून चहा प्याला, हे तिला आवडलं. तिनं एकच गोष्ट मागितली. हात सुजलेला दिसला तर वस्तीवरनं बाईला न्यायला गाडी मिळाली पाहिजे. बद्रीनाथनं शब्द दिला. तिनं त्याच्या कागदावर उर्दूत सही केली आणि फोटोही काढून दिला.

ही तिची चूक. न वाचता सही करणं ही चूक खरीच, पण मी तिला फार दोष देणार नाही. अठरा वर्षं ज्या कामाबद्दल तिनं शिव्या खाल्ल्या, त्या कामाला कुणीतरी पहिल्यांदाच मोठं म्हटलं होतं.

दोन महिन्यांनी गुलाबी गाडीतून गुलाबी पेटी, गुलाबी अंगरखा आणि खोकी आली. बद्रीनाथनं स्वतःच्या हातानं पहिलं खोकं फोडलं. आत रबरी दोऱ्यात ओवलेल्या प्लॅस्टिकच्या मण्यांच्या बांगड्या होत्या, गुलाबी, मधोमध एका चपट्या पट्टीवर हॉस्पिटलचा नंबर. मेहरुन्निसानं एक उचलली, ताणली, सोडली. ती रबरासारखी लांबली आणि परत आखडली.

"फ्री साइज," बद्रीनाथ खुशीत म्हणाला. "फुटायची भीती नाही, वाहतुकीत नुकसान नाही. आता माप बघायची कटकटच नको, मावशी."

"अरे, मापच तर बघायचंय मला," मेहरुन्निसा म्हणाली.

लॅपटॉपवर त्यानं सगळं टिपलं होतं, एवढी एक गोष्ट सोडून. मग तो समजावू लागला. काच फुटून कुणाच्या मनगटाला लागली तर हॉस्पिटलचं नाव खराब होईल. चार-चार मापांचा साठा गावोगाव ठेवणं परवडत नाही. वरच्यांनी मंजुरी दिलीय, माल तयार झालाय. आणि सूज बघायला आमचे डॉक्टर आहेतच की. मेहरुन्निसा म्हणाली, तुझे डॉक्टर औरंगाबादला आणि हात हितं. तिनं पेटी, अंगरखा, खोकी, सगळं परत गाडीत टाकायला लावलं. बद्रीनाथचा चेहरा उतरला, पण मोहीम थांबली नाही. ती थांबवणं आता त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

पंधरा दिवसांत पिशोरच्या स्टँडवर मेहरुन्निसाच लागली. दहा फुटी फ्लेक्स, तिचा हसरा चेहरा, आणि खाली अक्षरं: मेहरूमावशी सांगते, चुडा भरा सुप्रसवाचा. तिनं फोन करवला, निरोप पाठवले. उत्तर आलं की कागदावर सही आहे. मग बाजाराच्या दिवशी, भरल्या स्टँडवर, तिनं हॉटेलवाल्याची शिडी आणली, चुलीतली काजळी तेलात कालवली आणि शिडीवर चढून फ्लेक्सवरच्या स्वतःच्या तोंडाला काळं फासलं. दोन्ही गाल, कपाळ, नाक, काही सोडलं नाही. बाजार थांबून बघत राहिला. हवालदार आला आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करतेस म्हणाला.

"नीट बघा, साहेब," ती शिडीवरूनच म्हणाली. "तोंड माझं हाय. मी काळं करंन न्हाय तर पांढरं."

हवालदारालाही हसू आवरेना. फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरला आणि त्याजागी एका गोऱ्यापान मॉडेलचा लागला. पण बांगड्या घरोघर पोचल्या त्या पोचल्याच. फुकट, रंगीत, न फुटणाऱ्या, आणि मुख्य म्हणजे कुणी अडवू न शकणाऱ्या. सासवांना तर हायसं वाटलं. मेहरुन्निसाची बोलावणी कमी झाली. मजीद म्हणाला, सोड ना आता, जग बदललं. ती म्हणाली, जग बदललं, बाईचा हात बदलला का. मजीद दुकानात जाऊन बसला.

अशात आवडाबाईकडचा कार्यक्रम आला. आवडाबाई म्हणजे माजी सरपंच काकासाहेबांची बायको. घर मोठं, मान मोठा, आणि नाकावर त्याहून मोठा राग. तिची थोरली सून चंद्रकला पहिलटकरीण. सातव्या महिन्यात भावकीत सुतक आलं म्हणून डोहाळजेवण नवव्यात ढकललं होतं. सुप्रसवाला जाहिरातीची फिल्म काढायची होती, त्यांनी हेच घर निवडलं. झोपाळा, फुलं, मांडव, साडी, सगळं हॉस्पिटलकडून. आवडाबाई आठवडाभर जमिनीवर पाय ठेवून चालत नव्हती. तीस वर्षं त्या घरात बांगड्या भरणाऱ्या मेहरुन्निसाला मात्र बोलावणं नव्हतं.

बोलावणं नव्हतं, तरी ती गेली. का गेली, तर चंद्रकलाचा हात तिनं चार महिन्यांपूर्वी बघितला होता आणि त्यानंतर कुणीच बघितला नव्हता. नवीन नर्सकडं दोन-दोन उपकेंद्रं, आणि आवडाबाईला सुनेला बाहेर मिरवायला आवडत नव्हतं. मेहरुन्निसाला पेटी डोक्यावर घेऊन अंगणात शिरताना बघून आवडाबाईच्या कपाळाला आठी पडली. पण कॅमेरा चालू होता, तिला हाकलता येईना. बद्रीनाथला वाटलं बाईचा राग गेला, तो खूश होऊन पुढं आला. त्याला बाजूला सारून ती झोपाळ्याजवळ खाली बसली आणि तिनं चंद्रकलाचा हात हातात घेतला.

दोन्ही मनगटांत डझन-डझन गुलाबी बांगड्या होत्या. त्यांचं रबर मांसात रुतलं होतं. तिनं बोटानं दाबलं, तिथं खड्डा पडला आणि खड्डा भरून येईना. पोरीचं तोंड सुजलं होतं, पण पावडरीखाली कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मेहरुन्निसानं हळूच विचारलं, डोकं दुखतं का.

"लई दुखतंय, मावशी. सकाळपासनं डोळ्यांपुढं काजवे चमकतेत," चंद्रकला पुटपुटली. "म्या म्हणलं, ह्या दिव्यांमुळं आसंल."

मेहरुन्निसानं आवडाबाईकडं बघून सांगितलं की हात सुजलाय, पोरीला आत्ताच्या आत्ता न्यायला पाहिजे. आवडाबाई दात आवळून हसली. चार बायांदेखत, कॅमेऱ्यादेखत ही बया पुन्हा आपल्या दारात आडवी पडत होती.

"मेहरूबी, हात सोड तिचा. आज तुला अडवायला काय बी ठेवलं नाय म्या. चुडा भरून झालाय."

"ह्यो चुडा न्हाय, आवडाबाई. ह्याच्यात म्हशीचा पाय बी जाईल."

असं म्हणून तिनं जे केलं, ते त्या पंचक्रोशीत आजवर कुणी केलं नव्हतं. पानाच्या तबकातला अडकित्ता उचलला, चंद्रकलाच्या मनगटावरच्या रबराखाली घातला आणि कचाकच एकेक बांगडी कापली. मणी अंगणभर उडाले. आपल्याकडं बांगडी फुटली असं म्हणायचीसुद्धा चोरी, वाढली म्हणतात. आणि इथं भरल्या ओटीच्या सवाष्णीचं मनगट भर मांडवात, तेही अडकित्त्यानं, रिकामं केलं गेलं होतं. एका म्हातारीनं पदरानं तोंड झाकलं. कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी मेहरुन्निसाची जात काढली. काकासाहेब ओसरीवरून उठून काठी टेकत आले.

ती हलली नाही. पेटीतून तिनं काचेची हिरवी बांगडी काढली आणि आवडाबाईपुढं धरली. "सून दोन-चारवाली हाय तुमची. ही दोन-आठ. तुम्हीच चढवा. चढली तर माझं हात तोडून वेशीला टांगा."

आवडाबाईनं ती हिसकावून घेतली आणि सुनेच्या हातात घालून बघितली. अंगठ्याच्या मुळाशी ती अडली ती अडलीच. आवडाबाईनं जोर केला, चंद्रकला कण्हली. काकासाहेब बघत होते. रामकिसन त्यांच्याच भावकीतला होता, आणि गोदावरीला न्यायला जी बैलगाडी जुंपली होती ती त्यांचीच होती. त्यांनी काठी खाली ठेवली.

बद्रीनाथनं घाईघाईनं बांगडीवरचा नंबर लावला. फोनच्या स्पीकरवर एक गोड आवाज सुप्रसवा परिवारात स्वागत करू लागला, पॅकेजसाठी एक दाबायला सांगू लागला. पोराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेहरुन्निसानं फोन त्याच्या हातातून घेऊन बंद केला.

"गाडीचा शब्द दिलता मला तू. ती दारात हुबी हाय. काढ."

गुलाबी गाडी मागून उघडली तर आत फ्लेक्स, भोंगे आणि बांगड्यांची खोकी खच्चून भरलेली. ना स्ट्रेचर, ना रक्तदाब बघायचं यंत्र. बायांनीच ती खोकी धडाधड रस्त्यावर फेकली आणि अंथरूण घातलं. जाता जाता वच्छलाबाईंना घरातून उचललं, त्यांच्याकडं त्यांचं जुनं यंत्र होतं. त्यांनी गाडीतच पट्टा बांधला, पारा बघितला आणि आकडा कुणालाच सांगितला नाही, नुसतं ड्रायव्हरला म्हणाल्या, मधे कुठं थांबू नका. फुलंब्रीच्या अलीकडं चंद्रकलाला पहिला झटका आला. वच्छलाबाईंनी तिला कुशीवर वळवून धरलं. मेहरुन्निसानं तिचे दोन्ही हात धरले. अठरा वर्षांपूर्वी गोदावरी तिनं अशी बघितली नव्हती, नुसती ऐकली होती. आता ती बघत होती, आणि रडत होती, आणि रडता रडता बद्रीनाथला शिव्या देत होती. बद्रीनाथ पुढच्या सीटवर मान खाली घालून त्या ऐकत होता.

सुप्रसवाच्या डॉक्टरांनी मात्र काम चोख केलं, हे सांगितलं पाहिजे. जाहिरात करणारे वेगळे आणि टाके घालणारे वेगळे. तासाभरात शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली, जेमतेम दीड किलोची, तिला काचेच्या पेटीत ठेवलं. चंद्रकला तिसऱ्या दिवशी बोलली. अजून अर्धा तास गेला असता तर, एवढं म्हणून डॉक्टरीणबाईंनी वाक्य अर्धवट सोडलं.

कॅमेरा सगळा वेळ चालू होता. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांना फिल्म फार आवडली. गाडी निघाल्यापासून पुढचं दाखवायचं, सुप्रसवानं वाचवले दोन जीव, असं ठरलं. मेहरुन्निसाच्या सहीसाठी माणूस कागद घेऊन आला. ह्या वेळी तिनं भाच्याकडून, फारूखकडून, कागदाची ओळन् ओळ वाचून घेतली. मग म्हणाली, दाखवा की, पण अडकित्त्यापासनं दाखवा. तुमची बांगडी म्या का कापली ते आधी दाखवा, मंग गाडी दाखवा. माणूस म्हणाला, ब्रँडच्या दृष्टीनं ते योग्य होणार नाही. तिनं कागद त्याच्या हातात परत दिला. बद्रीनाथनं वर लेखी कळवलं होतं की फ्री साइज बंद करा. साहेबांनी बद्रीनाथलाच बंद केलं. तो नोकरी गेल्याचं सांगायला पिशोरला आला, तेव्हा हिनं त्याला जेवायला वाढलं आणि एवढंच विचारलं की आता तरी माप कळलं का. त्यानं मान हलवली. ती म्हणाली, मग भाकरी घे अजून.

आवडाबाईनं मात्र तिला माफ केलं नाही. तिच्या लेखी मेहरुन्निसानं भर मांडवात सुनेचं मनगट उघडं केलं, त्या अपशकुनानंच पोरगी वेळेआधी झाली. बाजारात समोर आली की ती तोंड फिरवायची, नाव निघालं की बोटं मोडायची. चार घरांनी तिचं ऐकून मेहरुन्निसाला दारं बंद केली. कुणीतरी हे सगळं मेहरुन्निसाला तिखटमीठ लावून सांगितलं. ती पेटी पुसत होती, पुसत राहिली. म्हणाली, बोटं मोडू द्या तिला. सून मेली असती तर तिच्या नावानं रडली असती, त्यापेक्षा हे बरं. आणि त्या चारही घरी ती जायची थांबली नाही. दार बंद असेल तर ओट्यावर बसायची, पोरीबाळी बाहेर येईपर्यंत. एका घरी तिच्यावर कुत्रं सोडलं, तरी ती पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच ओट्यावर बसली.

वर्षानं आवडाबाईच्या धाकट्या सुनेला सातवा लागला. ह्या वेळी कॅमेरा नव्हता, झोपाळा नव्हता, पण ठेवणीतलं एक गुलाबी खोकं आवडाबाईनं जपून ठेवलेलं होतं. घरच्याच बाया होत्या. मेहरुन्निसा दुपारी अंगणात आली, पेटी खाली ठेवली आणि उंबऱ्याबाहेर बसली. आवडाबाईनं तिच्याकडं बघितलं, उठून दाराची एक फळी लावली आणि दुसरीला हात घातला. मेहरुन्निसानं पेटी उघडली नाही, की उठलीही नाही. अंगणातल्या उन्हात ती तशीच बसून राहिली, जणू तिला दिवसभर दुसरं काही कामच नव्हतं.

तेवढ्यात आतून चंद्रकला आली. कडेवर वर्षाची पोर. दुसऱ्या हातानं तिनं जावेला दंडाला धरून आणलं, सासूच्या हाताखालून वाकून दोघी दाराबाहेर पडल्या, आणि तिनं जावेला मेहरुन्निसाच्या पुढ्यात पाटावर बसवलं. ह्या घरात तिनं सासूपुढं आजवर मान वर केली नव्हती.

"कुणी बलावलं हिला?" आवडाबाईनं विचारलं. आवाज हळू होता, पण सगळ्या अंगणाला ऐकू गेला.

"म्या बलावलं," चंद्रकला म्हणाली. "आधी हात बघू द्या, आत्याबाई. मंग चुडा भरा."